पाळण्याची घोडागाडी झाली तेव्हा

पुठ्ठेकाकांना गंभीर चेहरा करता येत नसे, असं कुणी म्हणेल तर ते साफ चूक. त्यांना तो फार उत्तम करता येई, आणि सगळ्या भानगडीचं मूळ तेच होतं. ज्यांना थाप मारण्याआधीच हसू फुटतं, त्यांच्यापासून कुणाला धोका नसतो. पुठ्ठेकाका समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवत, कपाळाला आठ्या घालत आणि काळजीच्या सुरात ठोकून देत. समोरचा मान डोलवून घरी जाई, जेवे, आणि हात धुता धुता कधीतरी म्हणे, ‘अरेच्चा!’

धंदा बाइंडिंगचा. तळमजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत लांब टेबल, लाकडी प्रेस, कापडाचे गुंडाळे आणि खळीचं पातेलं; मागच्या खोलीत संसार. खळीचं पातेलं अधूनमधून मागे जाई आणि दुधाचं पुढे येई. त्यावरून बायकोशी होणारं भांडण हा त्या घरातला रोजचा व्यायाम होता आणि दोघांची तब्येत त्यावर ठणठणीत राहिली होती.

खोड्याही धंद्यातल्याच. एका हेडमास्तरांच्या निवृत्तीला काकांनी तांबड्या कापडात बांधलेला जाडजूड ग्रंथ भेट दिला. पाठीवर सोनेरी अक्षरांत ‘माझे सद्गुण’, आणि आत तीनशे कोरी पानं. एका वकिलाने कुलपाची वही मागितली, तर यांनी कुलूप शिवणीच्या बाजूला बसवलं. वकील महिनाभर ते इमानाने लावत होता आणि वही दुसऱ्या बाजूने खुशाल उघडत होती. बायकोला स्वयंपाकाची वही करून दिली, तिच्या दर आठव्या पानावर एकच ओळ होती, ‘आज बाहेर जेवू.’ बायकोही काही कमी नव्हती. आठवं पान आलं की ती चूल बंद करून चपला घालून दारात उभी राहायची.

पण पान मात्र काकांचं कधी चुकलं नाही. बत्तीस वर्षांत एकसुद्धा नाही. ही माहिती ते कुणी न विचारता देत. गिऱ्हाइकाला देत, वाटेत भेटलेल्याला देत, दात काढायला गेले तेव्हा तोंडात कापूस असताना डेंटिस्टलाही दिली. माणूस म्हणून लोक त्यांच्यावर काडीचा विश्वास ठेवत नसत, पण बाइंडर म्हणून डोळे मिटून ठेवत. काकांना हा सौदा पसंत होता.

वरच्या मजल्यावर वहिनी राहत. थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन नऊ वर्षं झाली होती. वहिनी पियानो शिकवत आणि सगळी गल्ली त्यांना ‘बाई’ म्हणे. पाठ ताठ, बोलणं मोजकं, आणि चुकीचा सूर लागला की एक भुवई वर. तेवढी भुवई पुरे. तीस वर्षं तो पियानो छतातून काकांच्या डोक्यावर पडत होता. स्वरलिपीतला एक ठिपका त्यांना कळत नसे, पण कान मात्र फुकटात तयार झाले होते. आणि जगात एकाच माणसाने आपल्याला बरं म्हणावं असं त्यांना वाटे, ते माणूस म्हणजे वहिनी. अर्थात हे ते मेले तरी कबूल करणार नव्हते.

वहिनींचं नाताळावर फार प्रेम आणि नाताळात गाणाऱ्यांवर फार राग. त्या म्हणत, ‘शांतीचा सण म्हणता आणि अख्खं कुटुंब मिळून एकदम ओरडता.’ म्हणून त्यांच्याकडे नाताळचं संगीत बिनशब्दांचं. गळे बंद, बोटं चालू. दरवर्षी नाताळच्या आदल्या दिवशी दुपारपासून त्या आपल्या खोलीत वाजवत बसायच्या. शिष्यमंडळी घरच्यांना घेऊन यायची, ऐकायची, चहा पिऊन जायची.

या वर्षी मात्र उजव्या हाताची दोन बोटं वाकेनाशी झाली. डॉक्टरांनी काय सांगितलं ते वहिनींनी कुणाला सांगितलं नाही. त्यांनी फक्त पियानोवर कापड टाकलं, टेबलाशी बसल्या आणि डाव्या हाताने पेन धरून बारा धुना लिहून काढल्या. सोप्या, घरी बसून वाजवण्याजोग्या, सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांवरच्या. ते कागद छापून आणले आणि काकांच्या टेबलावर ठेवले.

‘भाऊजी, हे काम तुम्हाला द्यावं की नाही, यावर मी आठवडाभर विचार केलाय.’

‘एवढा विचार मुलगी देताना माझ्या सासऱ्यांनीसुद्धा केला नव्हता, वहिनी.’

‘म्हणून बिचारे पस्तावले,’ मागच्या खोलीतून बायको म्हणाली.

वहिनी हसल्या नाहीत. ‘पंचवीस प्रती. या वर्षी मी वाजवणार नाही. माझ्याऐवजी शिष्य आपापल्या घरी वाजवतील. त्यातल्या पाच घरी मी जाणार आणि नुसती ऐकणार. हे माझं शेवटचं वाजवणं आहे असं समजा. यात एकसुद्धा खोडी नको. शब्द द्या.’

‘दिला.’

वहिनींनी त्यांच्या चेहऱ्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं. चेहरा गंभीर होता. हीच तर पंचाईत होती.

आता एक बारीकशी गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं रामायण कळायचं नाही. वाजवताना पान उलटावं लागू नये म्हणून प्रत्येक धून समोरासमोरच्या दोन पानांवर होती; डावीकडे सुरुवात, उजवीकडे शेवट. नाव फक्त डावीकडे. पानांवर आकडे नाहीत, कारण आकडे दिसले की शिष्य किती उरलं ते मोजत बसतात, असं वहिनींचं मत. म्हणजे कुठलाही सुटा कागद हातात घेतला तर त्याच्या एका बाजूला एका धुनेचा शेवट आणि पाठीमागे पुढच्या धुनेची सुरुवात.

असे तेरा कागद, म्हणून तेरा गठ्ठे. बाइंडर लोक गठ्ठे ओळीने मांडतात आणि टेबलाभोवती फेऱ्या घालत प्रत्येकातला एकेक कागद उचलतात. एक फेरी म्हणजे एक पुस्तक. टेबलावर अकरा गठ्ठे मावले. उरलेल्या दोन गठ्ठ्यांसाठी काकांनी टेबलाच्या दोन टोकांना दोन स्टुलं ठेवली. तेवढ्यात बायकोला माळ्यावरचा डबा काढायला स्टूल हवं झालं. कुठलं पाहिजे, तर दोन्ही. एक तिला चढायला आणि एक डबा ठेवायला. काकांनी दोन्ही गठ्ठे उचलून खिडकीत ठेवले, डबा उतरवला, वर भांडणही केलं, आणि स्टुलं परत आणून त्यांवर गठ्ठे ठेवले. इकडचा तिकडे आणि तिकडचा इकडे.

पहिली प्रत शिवून झाली की ती गिऱ्हाइकाला दाखवायची पद्धत असते. वहिनींनी ती मागितलीही. काका म्हणाले, ‘बत्तीस वर्षांत एक पान चुकलं नाही. बघायचंय काय त्यात?’

पंचवीस प्रती पंचवीस घरांत गेल्या. वहिनींनी सगळ्यांना ताकीद दिली, ‘हे वर्गात वाजवायचं नाही. घरी बसवा. मला आदल्या दिवशीच ऐकायचंय.’

डिसेंबर लागला. एका दुपारी काका गुडघ्याला लावायचं मलम आणायला औषधवाल्यांकडे गेले. दुकान पुढे, घर मागे. औषधवाले पन्नाशी ओलांडलेले, स्वभावाने इतके भिडस्त की खोकल्याचं औषध देतानाही आधी आपण खोकून गिऱ्हाइकाचा संकोच घालवायचे. आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी शिकायला लागले होते. जेवणाच्या सुट्टीत शटर अर्धं ओढून आतल्या खोलीत छोट्या कीबोर्डवर सराव करत, आणि त्यांची म्हातारी आई शेजारच्या खुर्चीत बसून ऐके.

शटरखालून सूर येत होते. ‘पाळणा’ नावाची धून. काकांनी ती छतातून शेकडो वेळा ऐकलेली. हळू, झोपाळू, एकेक सूर जपून खाली ठेवल्यासारखा. आणि मध्यावर आली तसा पाळणा सुसाट पळत सुटला. टपटप, टपटप, थेट ‘घोडागाडी’!

काकांना आधी हसू आलं. वा, म्हणजे हा मुखदुर्बळ माणूसही खोडी करतो तर! वाकून शटरखालून ते आत गेले. औषधवाले घामाघूम होऊन, पुस्तकात डोळे घालून वाजवत होते. चेहऱ्यावर खोडीचं नाव नव्हतं.

काकांनी पुस्तक पाहिलं. मग नुसतं पाहिलं नाही, चाळलं. पाळण्याला घोडागाडीचं शेपूट लागलं होतं आणि घोडागाडी निम्म्या वाटेवर गाढ झोपली होती. ‘मेणबत्ती’ मंद तेवता तेवता एकदम ‘पहाटेचे टोल’ देऊ लागे, आणि टोल दोन ठोके देऊन विझून जात. सगळं पांढऱ्या पट्ट्यांवरच असल्यामुळे सांधा कानाला टोचतही नव्हता, आणि बाईंनी लिहिलंय म्हणजे तसंच असणार, असं धरून कुणी विचारलंही नव्हतं. दोन कागदांनी जागा बदलल्या आणि चार धुनांचे शेवट आपापसांत पळवले गेले. पंचवीस घरांत.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. ‘अहो, हे चुकलंय,’ ते म्हणाले. ‘माझं पान चुकलंय.’

औषधवाल्यांना इतकं हसू आलं की चष्मा काढावा लागला. ‘नाही हं काका! या खेपेला मी फसणार नाही. गेल्या वर्षी तुम्ही मला मांजरांच्या गोळ्यांची वेगळी नोंदवही ठेवायचा सरकारी हुकूम सांगितला होतात. मी तीन महिने ठेवली.’

‘देवाशपथ सांगतो.’

‘तेव्हाही देवाशपथच सांगितलं होतंत.’

घरी येऊन काकांनी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, ‘छान. आता हात धुवा.’

‘अगं, खरंच चुकलंय!’

तिने वर पाहिलं. चेहरा गंभीर होता, म्हणून तिने पुन्हा भाजीत डोकं घातलं. काकांनी औषधवाल्यांकडून मागून आणलेलं पुस्तक तिच्यासमोर उघडलं, कागद दाखवले, स्टुलांची हकिकत सांगितली. तेव्हा कुठे तिच्या हातातली भाजी थांबली.

‘अहो,’ ती हळूच म्हणाली, ‘मला पटलं. पण वहिनींना काय वाटेल? शब्द देऊनही भाऊजींनी खोडी केलीच, असंच ना?’

हे काकांच्या ध्यानातच आलं नव्हतं. खोडी म्हणावी तर वहिनींच्या शेवटच्या वाजवण्याची थट्टा केलेला हलकट दीर. चूक म्हणावी तर बत्तीस वर्षांच्या फुशारकीवर पाणी. त्यातलं दुसरं त्यांना जरा जास्त झोंबत होतं, हे खरं सांगायला हवं. माणूस असाच असतो, आणि बाइंडर तर असतोच असतो.

शेवटी त्यांनी तिसराच रस्ता धरला. दुसऱ्या दिवसापासून घरोघर जाऊन सांगू लागले, ‘दोरा कच्चा निघालाय. पुस्तक द्या, उद्या पक्कं शिवून देतो.’ आणि गंमत बघा, खरं बोलले तेव्हा कुणी विश्वास ठेवला नव्हता, ही थाप मात्र पंचवीस घरांनी मुकाट गिळली. वर चहाही पाजला. काकांनी तीन दिवस मान वर केली नाही. शिवण उसवली, कागद आपल्या जागी नेले, पुन्हा शिवलं. पंचवीसच्या पंचवीस प्रती निर्दोष झाल्या. बायको सुईत दोरा ओवून देत होती आणि एकदाही भांडली नाही, यावरूनच प्रसंग किती बाका होता ते कळावं.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी वहिनी निघाल्या. जिने उतरायला आधार म्हणून एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला काका. काका शीळ घालत होते. पहिलं घर औषधवाल्यांचं. खोलीत मेणबत्त्या, कोपऱ्यात कागदी चांदण्या लावलेलं छोटं झाड, खुर्चीत म्हातारी आई नव्या शालीत. कीबोर्डवर पुस्तक ठेवलेलं होतं. बंद.

‘उघडा की,’ काका पटकन म्हणाले.

‘छे हो,’ औषधवाले म्हणाले. ‘बाईंचा नियम आहे ना! धून बसवायला घेतली की तिसऱ्या आठवड्यापासून पुस्तक बंद. आता सगळं बोटांत बसलंय.’

काकांच्या पायाखालची जमीन सरकली. पुस्तकातली पानं त्यांनी उसवून बदलली होती. बोटांतली पानं कशी उसवणार?

औषधवाल्यांनी सुरुवात केली. पाळणा इतका छान हलला की आईने डोळे मिटले. मग घोडागाडी सुटली. वहिनींची भुवई वर गेली.

‘थांबा.’

औषधवाल्यांचे हात पट्ट्यांवरून उडालेच. वहिनींनी पुस्तक उघडून त्यांच्यापुढे धरलं. ‘हे काय लिहिलंय आणि तुम्ही काय वाजवताय?’

औषधवाल्यांनी पाहिलं. पुस्तकात पाळणा शेवटपर्यंत पाळणाच होता. त्यांनी पान उलटलं, पुन्हा मागे आणलं. कान लाल झाले. ‘बाई, मी तर... रोज दुपारी एक तास... माझ्याच डोक्यात काहीतरी घोटाळा आहे. मी आधीच म्हणत होतो, हे माझ्या वयाला जमायचं नाही.’ आणि त्यांनी अतिशय शांतपणे कीबोर्डचं बटण बंद केलं. आईने शाल सारखी केली.

आता काकांनी गप्प बसलं असतं तर सुटले असते. पुस्तक निर्दोष होतं. पुढच्या चार घरांतही हेच झालं असतं आणि चार शिष्य आपापल्या डोक्याला दोष देत बसले असते. काकांनी बटण बंद केलेल्या त्या बोटाकडे पाहिलं आणि त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. अशी लाज त्यांना सद्गुणांच्या ग्रंथाच्या वेळीही वाटली नव्हती.

‘वहिनी, ते बरोबर वाजवताहेत,’ ते म्हणाले. ‘पुस्तकच चुकीचं होतं.’ त्यांनी पुस्तक घेऊन शिवणीपाशी वाकवलं. ‘ही बघा, दोऱ्याच्या शेजारी जुनी भोकं. हे पुस्तक दोनदा शिवलंय. पहिल्यांदा दोन पानं इकडची तिकडे गेली होती. मी नंतर गुपचूप बदलली. पंचवीस घरांत.’

वहिनींनी त्या भोकांवरून बोट फिरवलं. न वाकणारं बोट. ‘खोडी?’

हा एक शब्द काकांना दोर फेकल्यासारखा होता. होय म्हटलं की बत्तीस वर्षं शाबूत.

‘नाही,’ काका म्हणाले. ‘चूक. पान चुकलं माझं.’

औषधवाल्यांना हसू आवरेना. ‘बाई, विश्वास ठेवू नका हं. गेल्या वर्षी मांजरांच्या गोळ्या...’

‘खरं बोलताहेत ते,’ वहिनी म्हणाल्या. ‘खोडी केली असती तर दारामागे उभे राहून हसले असते. तीन दिवस उसवत बसले नसते.’ मग औषधवाल्यांकडे वळल्या. ‘बटण चालू करा. जसं बसवलंय तसंच वाजवा. मला पुरतं ऐकायचंय.’

औषधवाल्यांनी पुन्हा वाजवलं. पाळणा हलला, घोडागाडी सुटली, आणि या खेपेला त्यांनी ती अशी पिटाळली की आई खुर्चीत पायाने ताल धरू लागली. वहिनींची भुवई वर गेली नाही. तोंडाच्या एका कोपऱ्यात काहीतरी हललं, पण ते त्यांनी वेळीच आवरलं.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, ‘अजून चार घरं आहेत. तिथेही बोटांत हेच बसलंय. प्रत्येक घरी, वाजवण्याआधी, तुम्ही तुमच्या तोंडाने सांगायचं.’

‘वहिनी, लोक हसतील.’

‘हसू देत.’

आणि लोक हसलेच. दुसऱ्या घरी हसले, तिसऱ्या घरी तर टाळ्या वाजल्या. काका जितके गंभीर होत तितकं हसू वाढे. चौथ्या घरच्या आजोबांनी ‘पुन्हा एकदा म्हणून दाखवा’ अशी फर्माईश केली. बायकोला त्यांची दया येऊ लागली, आणि ही गोष्ट साधीसुधी नव्हे. वहिनी मात्र या तिन्ही घरी काही बोलल्या नाहीत. औषधवाल्यांकडे त्यांच्यासाठी बोलल्या होत्या. बाकीचं काकांना भोगू दिलं.

पाचवं घर डेंटिस्टचं. मोठी खोली, खरा पियानो, वीसेक माणसं. काका मधोमध उभे राहिले. घसा खाकरून म्हणाले, ‘मंडळी, बत्तीस वर्षांत माझं एक पान चुकलं नव्हतं. आता चुकलं.’ डेंटिस्ट सर्वांत मोठ्याने हसला. तोंडात कापूस असताना ऐकलेलं वाक्य त्याला चांगलंच आठवत होतं. पाठोपाठ खोलीभर हशा पिकला. काका तसेच उभे. आता त्यांना बसावंसं वाटत होतं, घरी जावंसं वाटत होतं, आणि कुणीतरी, कुणीही, आपल्यावर विश्वास ठेवावा असं फार वाटत होतं.

‘हसू नका,’ खुर्चीतून वहिनी म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, पण हशा थांबला. ‘ते खरं सांगताहेत. त्यांचं पान चुकलंय. मला तुमच्याकडून आज ते चुकलेलंच ऐकायचंय, कारण ते वाईट नाही.’

वीस माणसांनी काकांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यांवरून थट्टा उतरली आणि सगळ्यांना खरंच पटलं. बत्तीस वर्षं गेली ती त्या एका क्षणात गेली. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी कुणापासून लपवलं नाही. डेंटिस्टच्या बायकोने पियानोवर मेणबत्ती लावली, म्हणजे धून, आणि अर्ध्यावर टोल वाजू लागले.

परत येताना जिन्यात वहिनी दर तीन पायऱ्यांवर थांबत होत्या. वर पोचल्यावर दाराशी त्यांनी काकांच्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

‘पुढच्या वर्षीच्या धुना मी उन्हाळ्यातच लिहून देते,’ त्या म्हणाल्या. ‘डाव्या हाताने वेळ लागतो. शिवायला तुम्हीच.’

बायको शेजारी उभी राहून वाट बघत होती, आता हे काहीतरी बोलतील म्हणून. काकांनी नुसती मान हलवली आणि रुमाल शोधत खिसे चाचपत राहिले.